बॅकयार्डमधली शेकोटी: गॅसची घ्यावी की लाकडाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात नवं घर घेतलेली मराठी मंडळी पहिला हिवाळा आला की फायर पिटची चौकशी सुरू करतात. आमच्याकडे आधी पाच वर्षं लाकडाची शेकोटी होती. गेली तीन वर्षं गॅसची आहे. त्यामुळे हे प्रश्न मला फोनवर, जेवणाच्या पंगतीत, मंडळाच्या कार्यक्रमाच्या पार्किंगमध्येही विचारले गेले आहेत. उत्तरं एकदाच नीट लिहून काढली आहेत. नियम बे एरियाचे आहेत, बाकीचं बहुतेक सगळं अमेरिकेत कुठेही लागू पडेल.

आधी थेट सांगा, कोणती घेऊ?

तुमच्या आणि शेजाऱ्याच्या घरात फक्त एका कुंपणाचं अंतर असेल, तर गॅसची घ्या. फ्रीमॉन्ट, सनीवेल, सॅन होजेमधल्या बहुतेक घरांना हेच उत्तर लागू पडतं. अर्धा-पाऊण एकर जागा आहे, वाऱ्याच्या दिशेला कुणाची खिडकी नाही आणि सुकं लाकूड साठवायला छप्पर आहे, अशा घरी लाकडाची घ्यायला हरकत नाही.

दुकानात लोक रंग, आकार आणि किंमत बघतात. मी म्हणेन, त्याआधी एका संध्याकाळी मागच्या अंगणात उभं राहा आणि वारा कुठून कुठे वाहतो ते बघा. आपल्याकडे संध्याकाळचा वारा बहुधा समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. तुमच्या पूर्वेला कोण राहतं, त्यांच्या बेडरूमची खिडकी कुठे उघडते, घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस आहे का, हे कळलं की निम्मा निर्णय झालेला असतो.

लाकडाच्या शेकोटीत असं काय आहे, जे गॅसमध्ये मिळत नाही?

पुष्कळ काही आहे, आणि ते नाकारून गॅस विकत घेऊ नये. नाहीतर महिनाभराने चुटपुट लागते.

लाकूड जळतं तेव्हा आपल्याला त्याची काळजी घ्यावी लागते. ढलप्या रचायच्या, वाऱ्याला वाट ठेवायची, ओंडका सरकवायचा, निखारे ओढून घ्यायचे. या कामात माणसं शेकोटीभोवती टिकतात. कुणीतरी सारखं उठून काहीतरी सारत असतं आणि बोलणं आपोआप लांबतं. गॅसच्या ज्वाळेला कुणाचीच गरज नसते. ती रात्रभर एकाच उंचीची राहते. आमच्याकडे पहिल्या दोन-तीन वेळा सगळे अर्ध्या तासात आत निघून गेले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे निखाऱ्यांची धग. निखारा उष्णता चारी बाजूंना फेकतो, ती पायांना, गुडघ्यांना, पोटरीला लागते. गॅसची बरीचशी उष्णता गरम हवेबरोबर सरळ वर जाते. आणि वास. ज्याचं बालपण गावाकडे गेलं आहे, त्याला सुक्या लाकडाच्या धुराचा तो पहिला वास आला की दिवाळीच्या पहाटेचं न्हाणीघर आणि तापलेला बंब आठवतो. त्याची बरोबरी गॅसच्या बर्नरवर पसरलेले लाव्हा खडक करू शकत नाहीत.

पण धुराचा एवढा बाऊ कशाला? आपण तर चुलीजवळच वाढलो.

आपण वाढलो, आणि आपल्या आज्या आयुष्यभर खोकल्या. स्वयंपाकघरातला धूर बायकांच्या फुप्फुसांचं काय करतो हे भारताला चांगलं माहीत आहे. २०१६ साली उज्ज्वला योजनेत गरीब घरातल्या बायकांच्या नावाने गॅस जोडण्या द्यायला सुरुवात झाली, त्यामागचं हे एक मोठं कारण होतं.

लाकडाच्या धुरात २.५ मायक्रॉनहून बारीक कण असतात, त्यांना पीएम २.५ म्हणतात. माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढे. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, ते थेट फुप्फुसात खोलवर उतरतात. शिवाय कार्बन मोनॉक्साइड, बेन्झिन, फॉर्मल्डिहाइड असतंच. बे एरियाची रचनाही अडचणीची आहे. हिवाळ्यातल्या थंड, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचं झाकण बसतं आणि खोऱ्यातला धूर वर जाऊच शकत नाही. नेमक्या त्याच रात्री सगळ्यांना शेकोटी पेटवावीशी वाटते.

आमची लाकडाची शेकोटी का गेली ते सांगते. जानेवारीतला शनिवार होता, आठ-दहा माणसं जमली होती. साडेनऊच्या सुमाराला मागच्या घरातली बाई कुंपणाशी आली. रागावलेली नव्हती. ती म्हणाली, मुलीला दमा आहे, संध्याकाळपासून दोनदा इनहेलर द्यावा लागला, तुमचं किती वेळ चालणार आहे? आम्ही लगेच पाणी ओतलं, त्याने आणखी धूर झाला आणि तो कुंपणावरून तिच्याच घराकडे गेला. पाच वर्षं आम्ही त्यांच्या खिडकीखाली लाकूड जाळत होतो आणि त्यांनी एका शब्दानेही कधी काही म्हटलं नव्हतं. त्या रात्रीनंतर मी लाकूड पेटवलं नाही.

‘स्पेअर द एअर’ म्हणजे नेमकं काय? त्या दिवशी पेटवली तर?

हवा आरोग्याला घातक पातळीला जाणार असा अंदाज असला की बे एरिया एअर क्वालिटी मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट ‘स्पेअर द एअर’ इशारा जाहीर करतं. त्या दिवशी लाकूड, दुकानात मिळणारे कृत्रिम ओंडके, पेलेट्स (भुसा दाबून केलेल्या गोळ्या), म्हणजे कुठलंही घन इंधन जाळायला बंदी असते. ही बंदी फक्त घरातल्या फायरप्लेसला आहे, अंगणाला नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चूक आहे. अंगणातला फायर पिटही त्यात येतो. पूर्वी हा नियम फक्त हिवाळ्यापुरता होता. २०१९ पासून तो बारा महिने लागू आहे, कारण वणव्यांचा धूर उन्हाळ्यात आणि शरदातही येतो.

पहिल्या वेळी सापडलात तर १०० डॉलर दंड किंवा धुराच्या परिणामांबद्दलचा एक छोटा अभ्यासक्रम पुरा करायचा. दुसऱ्या वेळी ५०० डॉलर. इशाऱ्याचे मेसेज फोनवर मिळतात, तेवढी नोंदणी करून ठेवा.

गॅसच्या शेकोटीला ही बंदी नाही. मात्र हवामान खात्याचा ‘रेड फ्लॅग’ इशारा असेल, म्हणजे कोरडा जोराचा वारा आणि आगीचा धोका असेल, त्या दिवशी कुठलीच उघडी ज्योत पेटवू नका. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

धूर न होणाऱ्या लाकडाच्या शेकोट्या मिळतात म्हणे. त्या खऱ्या आहेत का?

अर्ध्या खऱ्या. सोलो स्टोव्हसारख्या स्टीलच्या शेकोट्यांना दोन भिंती असतात. खालून आत घेतलेली हवा दोन भिंतींच्या मधून तापत वर जाते आणि वरच्या कडेच्या भोकांतून आत सुटते. तिथे ती न जळलेल्या धुराला भेटते आणि धूरच पेटतो. तुम्हाला वरच्या भोकांतून ज्वाळांची झालर निघताना दिसते. युक्ती छान आहे आणि ती काम करते.

पण भांडं तापेपर्यंतची पहिली दहा-पंधरा मिनिटं धूर होतोच. लाकूड ओलं असेल तर शेवटपर्यंत होतो. वरच्या भोकांच्या पातळीच्या वर ओंडके रचले तरी होतो. विझवतानाही होतो. शिवाय डोळ्यांना दिसणारा धूर कमी झाला म्हणजे बारीक कण संपले असं नाही. ‘स्पेअर द एअर’च्या बंदीतून या शेकोट्यांना सूट नाही. आणखी एक, तिची धग बरीचशी वर जाते, त्यामुळे लाकडाची मुख्य मजा थोडी कमीच होते. लाकूडच हवं असेल तर साध्या लोखंडी घमेल्यापेक्षा ही निश्चित बरी.

लाकूड कुठलं आणावं?

या प्रश्नाला लोक फारच कमी वेळ देतात. धुराच्या दहापैकी आठ तक्रारी मला ओल्या लाकडाच्या वाटतात.

नुकत्याच तोडलेल्या झाडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. ते पेटवलं की आग आधी पाणी उकळत बसते, थंड राहते आणि धुमसते. जळण म्हणून लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. फोडून, आडोशाला, हवा खेळती राहील असं रचून निदान सहा महिने ठेवावं लागतं. ओकसारख्या जड लाकडाला वर्षभर किंवा जास्त. ओलावा मोजायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात २०-३० डॉलरला मिळतं. ओंडका मधोमध फोडून आतल्या बाजूला टोचा, वरून टोचलं तर खोटा आकडा मिळतो. यंत्र नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा. सुकं लाकूड टणत्कार करतं, ओलं ‘धप’ करतं. सुक्या लाकडाच्या टोकाला चिरा पडलेल्या असतात आणि ते हाताला हलकं लागतं.

आपल्याकडे सगळ्यात चांगलं मिळतं ते बदामाचं लाकूड. सेंट्रल व्हॅलीत बदामाच्या बागाच बागा आहेत. जुनी झाडं काढून नवी लावतात, तेव्हा हे लाकूड बाजारात येतं. घट्ट, जड, कमी धुराचं, निखारा बराच वेळ धरणारं. ओकही उत्तम. निलगिरी इथे भरपूर आणि स्वस्त असते, पण तिच्यात तेल असतं आणि ठिणग्या उडतात. पाइनमध्ये राळ असते, पेटवायला दोन ढलप्या ठीक, त्याहून जास्त नको.

आणि हे कधीही जाळू नका. रंगवलेलं किंवा रसायन मुरवलेलं लाकूड, जुन्या डेकच्या (घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याच्या) फळ्या: २००३ संपेपर्यंत घरगुती वापराच्या लाकडात आर्सेनिक असलेलं रसायन सर्रास मुरवत, ते धुरात आणि राखेत उतरतं. कण्हेर: फ्रीवेच्या कडेला फुललेली ती गुलाबी-पांढरी झाडं म्हणजे आपली कण्हेरच, तिच्या धुरातही विष असतं. पॉइझन ओक: डोंगराकडच्या घरांच्या कुंपणालगत हे झुडूप असतं, त्याच्या धुराने अंगावर पुरळ उठतंच, फुप्फुसाला गंभीर इजा होऊ शकते. पुठ्ठ्याची खोकी आणि चकचकीत कागद: जळता तुकडा उडून थेट छपरावर जातो.

कॅम्पिंगला जाताना घरचं लाकूड गाडीत टाकून नेऊ नका, तिथलं उरलेलं परत आणू नका. लाकडातून कीड आणि रोग प्रवास करतात. आपल्या किनाऱ्यालगतच्या जंगलात ‘सडन ओक डेथ’ या रोगाने असंख्य ओक मेले आहेत. जिथे जाळायचं तिथेच विकत घ्यायचं.

गॅसचं ठरलं. आता सिलिंडर की पाइपलाइन?

वर्षातून दहा-बारा वेळा पेटवणार असाल तर सिलिंडर. दर शनिवारी पेटवणार असाल आणि घर आपलं असेल, तर लाइन.

सिलिंडर म्हणजे बार्बेक्यूला लागतो तोच, २० पाउंडांचा, साधारण ९ किलो. भारतातला घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो, त्याच्या दोन-तृतीयांशाहून थोडा कमी. हिशोब करून बघा. पूर्ण भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे ४ लाख ३० हजार बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णता असते. तुमच्या शेकोटीचा बर्नर तासाला ५० हजार बीटीयूचा असेल तर पूर्ण ज्योतीवर साडेआठ तास चालेल. पण दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून रिकामा देऊन भरलेला घेतलात, तर तो बहुतेक वेळा १५ पाउंडच भरलेला असतो, म्हणजे साडेसहा तासांच्या आसपास. सिलिंडर भरून देणाऱ्या पंपावर गेलात तर पूर्ण भरून मिळतो. थंडीत तो अर्ध्यावर आला की ज्योत बारीक होते आणि बाहेरून दव धरतं. आतल्या द्रवाची वाफ होताना तो स्वतःच गार पडतो, म्हणून असं होतं. बिघाड नाही.

पाइपलाइनचा नॅचरल गॅस स्वस्त पडतो. एक थर्म म्हणजे एक लाख बीटीयू, म्हणून ५० हजार बीटीयूचा बर्नर तासाला अर्धा थर्म घेतो. तुमच्या बिलावर एका थर्मचा दर असतो, तो निम्मा करा, तो तासाचा खर्च. खरा खर्च लाइन टाकण्याचा आहे. मीटरपासून शेकोटीपर्यंत अंतर किती, मध्ये काँक्रीट फोडायचं का, यावर तो हजारांत जातो. शहराचं परमिट आणि परवानाधारक प्लंबर लागतो. खणण्याआधी ८११ ला फोन करा, जमिनीखालच्या तारा-नळ्या ते येऊन फुकट आखून देतात. यात चालढकल करू नका.

दोन्ही गॅसचे बर्नर एकमेकांना चालत नाहीत. प्रोपेनचा दाब जास्त असतो, म्हणून त्याचं भोक बारीक असतं. नॅचरल गॅसचं भोक असलेल्या बर्नरला प्रोपेन जोडला तर ज्वाळा भडकते. बदलायचं असेल तर त्याच कंपनीचा कन्व्हर्जन किट घ्या.

एक फरक जिवाशी आहे. नॅचरल गॅस हवेहून हलका, गळला तर वर निघून जातो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, गळला तर शेकोटीच्या पोटात, पायरीखाली, खड्ड्यात साचून राहतो. म्हणून विटांच्या बांधीव शेकोटीला खालच्या बाजूला समोरासमोर झरोके हवेतच. गवंड्याने दिसायला बरं नाही म्हणून ते बुजवले असतील तर पुन्हा उघडून घ्या. वास आला तर काडी, लायटर, विजेचं बटण काही नाही. व्हॉल्व्ह बंद करा आणि लांब जा. सिलिंडर नवा जोडला की साबणाचं पाणी जोडावर लावून बुडबुडे बघायचे, हे आपल्याला आईने शिकवलेलं आहेच.

एकूण खर्च कशात कमी?

तुम्ही लाकूड कसं घेता, त्यावर आहे. सुपरमार्केटच्या दाराशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली मोळी असते, साधारण पाऊण घनफुटाची. लाकूड ठोकने घेतात ते ‘कॉर्ड’ या मापाने: ४ फूट उंच, ४ फूट रुंद, ८ फूट लांब, म्हणजे १२८ घनफूट. एका कॉर्डमध्ये अशा १७० मोळ्या होतात. मोळी ८ डॉलरला धरली तर तुम्ही कॉर्डला १३६० डॉलर मोजता आहात. ठोकचा भाव याच्या निम्म्याहून कमी असतो. एक मोळी जेमतेम तास-दीड तास पुरते, त्यामुळे मोळ्या आणून जाळणाऱ्याला सिलिंडर स्वस्त पडतो. ठोक घेणाऱ्याला लाकूड स्वस्त, पण ते ठेवायला जागा लागते, आणि घराच्या भिंतीला टेकून लाकडाची रास ठेवू नये. वाळवी येते आणि आगीला वाट मिळते.

गॅसच्या शेकोटीने खरंच ऊब मिळते का?

पुढचे दोन-तीन फूट, हो. त्यापलीकडे फारशी नाही. ३० हजार बीटीयूची छोटी शेकोटी म्हणजे दिवा लावल्यासारखं. निदान ५० हजारांची घ्या. काचेचे आडोसे लावले की ज्योत वाऱ्याने हलत नाही, पण ऊबही थोडी अडते. केवळ थंडी वाजते म्हणून घेत असाल तर छत्रीसारखा उभा पॅटिओ हीटर जास्त उपयोगी पडेल.

कणीस, वांगं, हुरडा भाजता येईल का?

कणीस आणि वांगं लाकडावर भाजता येईल. गॅसच्या शेकोटीवर नाही. बहुतेक कंपन्या माहितीपत्रकात तिच्यावर काही शिजवू नका असं स्पष्ट लिहितात. वांग्याचा रस, तेल, लोणी खडकांवर ठिबकलं की बर्नरची भोकं बुजतात, ज्योत वाकडी होते, आणि उंदीर, रकून गोळा होतात ते वेगळंच.

हुरड्यासाठी तर दोन्हींचा उपयोग नाही. हुरडा भाजतात आगटीत, म्हणजे जमिनीतल्या छोट्या खड्ड्यात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर. गोवरीची आच मंद आणि सारखी असते, म्हणून कोवळा दाणा करपत नाही, आणि कणीस हातावर चोळलं की दाणे अलगद सुटतात. ओकच्या निखाऱ्यावर तो करपतो. रायगडची पोपटीही तशीच: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी भरायची, मडकं पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. ती करायला मोकळी जमीन आणि मोकळं आभाळ लागतं. एखाद्या मित्राचं शेत ट्रेसी किंवा मोडेस्टोकडे असेल तर तिथे जमेल, पण तिथल्या फायर खात्याचे नियम विचारून.

घरी भरिताचं वांगं आणि मक्याचं कणीस भाजायचं असेल तर कोळशाची छोटी शेगडी वेगळी ठेवा. आम्ही तसंच करतो. गॅसच्या ज्वाळेभोवती बसायचं आणि बाजूला शेगडीवर कणसं. माणसांना पुन्हा हाताला काम मिळालं आणि बैठक पुन्हा लांबायला लागली.

घरच्या फायर पिटमध्ये होळी पेटवता येईल का?

लाकडाच्या शेकोटीत, छोटी होळी, हो. त्या दिवशीचा इशारा आधी तपासा. जाळ शेकोटीच्या मापातच ठेवा. पुरणपोळीचा नैवेद्य अगदी थोडा टाका, तूप चमच्याने आणि दुरून घाला. नारळ अख्खा टाकू नका. आतलं पाणी उकळून तो फुटतो आणि निखारे उडतात. डोळे टोचून पाणी काढून घ्या किंवा वाढवून अर्धी वाटी ठेवा. गॅसच्या शेकोटीत यातलं काहीच टाकायचं नाही. त्याऐवजी आम्ही तिच्याजवळ ताटात नैवेद्य दाखवतो, प्रदक्षिणा घालतो आणि मुलांना बोंब मारू देतो. शेजाऱ्यांना आधी सांगून.

कुठे ठेवावी? डेकवर चालेल का?

लाकडाची शेकोटी डेकवर नाहीच. कॅलिफोर्नियाचा फायर कोड ज्या आंतरराष्ट्रीय फायर कोडवर बेतला आहे, त्यात उघड्यावरच्या छोट्या जाळासाठी घरापासून आणि जळण्यासारख्या वस्तूपासून २५ फूट अंतर सांगितलं आहे, आणि जाळ ३ फूट रुंद, २ फूट उंच यापेक्षा मोठा नको. भांड्यात बसवलेल्या, उचलून ठेवता येणाऱ्या शेकोट्यांना नियम थोडे सैल आहेत, पण शहरांचे स्वतःचे कडक नियम असतात. आपल्या शहराच्या फायर खात्याला फोन करणं सगळ्यात सोपं. आपल्याकडच्या पुष्कळ अंगणांत २५ फूट मोजायला गेलं की टेप कुंपणापलीकडे जातो. तिथेच लाकडाचा प्रश्न मिटतो.

गॅसची शेकोटी डेकवर ठेवता येते, तिच्या माहितीपत्रकात तसं लिहिलं असेल तरच. प्लास्टिकमिश्रित फळ्यांचा डेक उष्णतेने मऊ पडतो, खाली उष्णतारोधक पत्रा हवा. वर पर्गोला (उघड्या पट्ट्यांचा मांडव), छत्री, दिवाळीची दिव्यांची माळ काही नको. गराजमध्ये किंवा तीन बाजूंनी बंद केलेल्या पॅटिओत कुठलीच शेकोटी पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी, असेल तर घेण्याआधी त्यांची नियमावली वाचा. भाड्याच्या घरात मालकाची लेखी परवानगी घ्या.

बागेतले गोटे आत टाकले तर चालतील का?

नाही. नदीतल्या गुळगुळीत गोट्यांत पाणी मुरलेलं असतं. तापलं की वाफ होते आणि गोटा फुटून तुकडे उडतात. लाव्हा खडक किंवा शेकोटीसाठीच बनवलेली काच वापरा. पाऊस पडून गेल्यावर पहिल्यांदा ज्योत बारीक ठेवा, सगळे लांब बसा, खडक वाळू द्या.

टेबलावरच्या अल्कोहोलच्या छोट्या शेकोट्या कशा?

घेऊ नका. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने द्रव इंधन ओतून पेटवायच्या अशा शेकोट्यांबद्दल धोक्याची सूचना काढली. अल्कोहोलची ज्योत उजेडात दिसत नाही. विझली असं समजून माणूस बाटलीतून पुन्हा ओततो, ज्योत धारेवरून बाटलीत शिरते आणि समोर बसलेल्यावर आगीचा झोत येतो. वाढदिवसाला कुणी भेट दिली असेल तर टाकून द्या.

लहान मुलं आणि भारतातून आलेले आई-बाबा असतील तर?

मुलांसाठी जमिनीवर शेकोटीच्या कडेपासून तीन फुटांवर खडूने वर्तुळ काढा, आत यायचं नाही. शेकोटीचा धातू आणि खडक विझल्यावरही तासभर भाजू शकतात, आणि ज्वाळा दिसत नाही म्हणून मुलं नेमकी तेव्हाच हात लावतात.

आईला साडीचा पदर खोचायला सांगा. नायलॉन, जॉर्जेट, ओढण्या, मुलींच्या सणाच्या परकरातली जाळी हे सगळं पेटतं आणि वितळून कातडीला चिकटतं. लोकरी शाल बरी. आई-बाबांना गॅसच्या शेकोटीचं काही वाटत नाही, ते सरळ सांगतात. माझे वडील पहिल्या संध्याकाळी म्हणाले, ही शेगडी झाली. तिसऱ्या दिवशी मात्र रोज सात वाजता बटण दाबून एकटेच बसायला लागले. वाकायचं नाही, फुंकायचं नाही, डोळे चुरचुरत नाहीत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना ते सोयीचं वाटलं.

गॅसच्या शेकोटीची निगा काय?

झाकण घाला, नाहीतर बर्नरमध्ये पाणी जातं. पहिल्या थंडीआधी नळीत कोळ्याचं जाळं आहे का बघा. गॅसमध्ये मिसळलेल्या वासाच्या द्रव्याकडे काही कोळी ओढले जातात. ज्योत काजळी धरणारी किंवा एका बाजूलाच येत असेल तर हे एक कारण असू शकतं. सिलिंडर गराजमध्ये ठेवायचा नाही, बाहेर, उभा.

लाकडाची शेकोटी विझवायची कशी? राखेचं काय करायचं?

झोपायच्या तासभर आधी लाकूड घालणं थांबवा. मग पाणी, एकदम नाही, थोडं थोडं. काठीने ढवळा, पुन्हा पाणी. पोळण्याची शक्यता संपली की हाताची पालथी बाजू वर धरून बघा, ऊब लागली तर आणखी पाणी. पेटवल्यापासून विझेपर्यंत नळी जोडलेली आणि एक मोठं माणूस तिथे हवंच.

राखेतला निखारा चार दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. ती कागदी पिशवीत किंवा कचऱ्याच्या प्लास्टिकच्या डब्यात टाकायची नाही. झाकणाच्या लोखंडी बादलीत, घरापासून लांब, मातीवर ठेवायची. याबद्दल मी हट्टी आहे, त्याचं कारण आपल्या बे एरियातल्या ओकलंडच्या टेकड्या आहेत. १९ ऑक्टोबर १९९१ ला तिथे गवताला छोटी आग लागली आणि फायर खात्याने ती आटोक्यात आणली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, कोरडा गरम वारा सुटला, राखेखालचे निखारे पुन्हा पेटले आणि २५ माणसं मेली, जवळजवळ तीन हजार घरं गेली. ती आग विझवायला फायर खात्याची माणसं होती, आपल्याकडे एक बादली असते. आमची शेकोटी गेली तरी ती बादली अजून ठेवली आहे, आता कोळशाच्या शेगडीची राख तिच्यात जाते.